साडेसात खंडी

बनुबाईचं लग्न झालं तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि नवरा गेला तेव्हा सत्तावीसची. मधल्या अकरा वर्षांत सोनबा तिच्याजवळ राहिला किती, तर दर साली शिमग्याचे दहा दिवस, गणपतीचे आठ, आणि एकदा कावीळ झाली तेव्हाचे दोन महिने. सगळं धरलं तरी पुरतं वर्ष भरत नव्हतं. बाकीचा सोनबा म्हणजे मुंबईच्या गिरणीतून दर महिन्याला येणारी वीस रुपयांची मनिऑर्डर. पोस्टमन उमरठच्या वाटेने वाडीचा चढ चढून यायचा, घोटभर पाणी प्यायचा, तिचा अंगठा घ्यायचा, आणि तेवढ्यापुरता नवरा घरी येऊन गेल्यासारखं व्हायचं.

सत्तावन्न सालच्या माघात गिरणीच्या गोदामात रचलेल्या कापडाच्या गाठी त्याच्या अंगावर कोसळल्या. तार पोलादपुरात आली, तिथून वाडीत निरोप यायला दीड दिवस लागला. धाकटा दीर कोंडाजी मुंबईला पोचेपर्यंत गाववाल्यांनी सगळं आटपलं होतं. तो परतला तो एक वळकटी, एक छत्री आणि पितळेचा डबा घेऊन.

आळीतल्या बायका बनुबाईभोवती बसल्या. म्हातारी ठकूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड गो बाय. रडलं की मोकलं व्हतं."

बनुबाईने रडायचा प्रयत्न केला. आलं नाही. जो माणूस घरात नसायचाच, तो आता नाही, हे मनाला पटवायचं कसं तेच तिला उमगेना. चूल तशीच पेटत होती, गाय तशीच दूध देत होती, सहा वर्षांची मैना तशीच अंगणात खेळत होती. पोस्टमन तेवढा यायचा थांबला. महिना भरला की बनुबाई एकदा वाटेकडे बघायची, मग कामाला लागायची.

श्रावणात भरपाईचे पैसे आले. तीन हजार. एवढी रक्कम वाडीत कोणी एका जागी पाहिली नव्हती. कोंडाजीने ती फडक्यात बांधून पोटाशी धरून आणली आणि भावजयीपुढे ठेवली.

"वयनी, रावजीचं खाचर इकायला हाय," तो म्हणाला. "नदीच्या अंगाचं, तीस गुंठं. सत्ताविसशे म्हनतोय. आसं भात आपल्या डोंगरउताराच्या वरकसात जल्मात पिकायचं नाय."

रावजी हा पोलादपूरच्या अलीकडचा बडा शेतकरी. त्याची दोन्ही पोरं मुंबईला चिकटली होती आणि शेत कसायला घरात माणूस उरलं नव्हतं. खाचर बनुबाईला ठाऊक होतं. बाजाराला जाताना ते वाटेवर लागायचं, आणि तिथलं भात कमरेएवढं उभं असायचं. पण खाचर घ्यायचं म्हणजे बैल आले, गडी आले, लावणी आली, शेजाऱ्याशी बांधावरून भांडण आलं. त्यासाठी अंगात काहीतरी लागतं. तिच्या अंगात तेव्हा काही नव्हतं.

"भावजी, मला नाय जमनार," ती म्हणाली. "कुटंतरी ठेवू ह्ये. मला बगायला लागू नये आसं."

सोबतीला कोंडाजीच होता, म्हणून त्याच्याबरोबरच ती एस. टी.ने महाडला गेली. बाजारपेठेत एक सहकारी बँक होती. आत काउंटरमागे दिघे नावाचे कारकून बसत. वय पस्तिशीचं, सदरा स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. भिंतीवर काळा फळा होता आणि त्यावर ठेवींचे व्याजदर खडूने लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यात त्यांना अभिमान होता.

"बाई, तुम्ही चांगल्या वेळेला आलात," दिघे म्हणाले. "तीन वर्षांच्या ठेवीला आम्ही तीन टक्के देत होतो. गेल्या महिन्यापासून साडेतीन केले."

"का केलं?" कोंडाजीने विचारलं. त्याला त्यात काहीतरी काळंबेरं वाटत होतं.

"रिझर्व्ह बँक म्हणून मुंबईला एक बँक आहे. बँकांची बँक. तिनं मे महिन्यात आपला दर साडेतीनाचा चार केला. देशात भाव फार चढायला लागलेत. पैसा महाग केला की लोक कर्ज कमी काढतात, व्यापाऱ्याला उसन्या पैशावर माल दाबून ठेवणं परवडत नाही, आणि भाव खाली बसतात. तिनं दर चढवला की मागोमाग आम्हीही चढवतो. फायदा तुमच्यासारख्या ठेवीदाराचा."

कोंडाजीला ते अर्धंमुर्धं कळलं. बनुबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "मी आले नाय तर?"

"तर पैसे इथंच राहतील. वाढत राहतील."

"कोनाला काय करावं लागल?"

"कोणी काही करायचं नाही."

तिला तेच हवं होतं. तिने अंगठा दिला. पावतीवर रुपये तीन हजार लिहिलं होतं. ती पावती तिने सोनबाच्या पितळेच्या डब्यात ठेवली.

परतताना कोंडाजी खिडकीकडे तोंड करून बसला होता. राजेवाडी मागे पडल्यावर तो म्हणाला, "वीस रुपये मन तांदूल हाय आज. तीन हजाराचं दीडशे मन. साडेसात खंडी तांदूल त्या मानसाच्या हवाली करून आलीस, आन कागुद घेऊन आलीस." पण पेरणीला आपल्या शेताबरोबर तिचं वरकसही त्याने नांगरलं, दर वर्षी नांगरायचा तसंच.

वर्षं गेली. बनुबाईला ती वर्षं वेगवेगळी आठवत नसत. पावसाळ्यात ती नाचणी लावायची, उन्हाळ्यात घाटरस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मैना चौथीपर्यंत शिकली, मग तीही आईबरोबर पाटी उचलायला लागली. साठ साली ठेवीची मुदत भरली तेव्हा बनुबाई महाडला गेली. दिघ्यांनी पावती बदलून दिली. तीन हजारांचे तीन हजार तीनशे सव्वीस झाले होते आणि फळ्यावर आता चार टक्के होते. त्रेसष्ट साली ती पुन्हा गेली. तीन हजार सातशे एक्केचाळीस. फळ्यावर साडेचार.

"पुन्हा चढला बरं का," दिघे म्हणाले. त्यांच्या कानाशी केस पांढरे झाले होते. "जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं चढवला. तुम्ही नशीबवान आहात."

बनुबाईने मान हलवली. आकडा मोठा होत होता. तिला त्याचं चांगलं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. कोणीतरी परक्या गावचं मूल वाढतंय असं सांगितलं, तर जेवढं वाटेल तेवढंच वाटलं.

मग चौसष्ट साल आलं आणि तांदूळ दिसेनासा झाला. पोलादपूरच्या रेशनच्या दुकानासमोर सकाळपासून रांग लागे. मण, शेर जाऊन किलो आले होते, आणि आधी कित्येकांना वाटलं की भाव चढलाय तो त्या नव्या मापामुळेच. रेशनचा तांदूळ आठ दिवस पुरायचा. पुढचा बाजारातून आणावा लागायचा.

पासष्टच्या फाल्गुनात बनुबाईने एका दुकानात रुपया दिला आणि किलोभर तांदूळ घेतला. कागदाची पुडी तिने तळहातावर धरली. ती घरी आणून तिने आधी कोंडाजीला गाठलं. तो गोठ्यात दावं वळत बसला होता.

"भावजी, आज मन कितीला पडतो?"

"छत्तीसला. मिलला तर."

"तुमी तवा एस. टी.त काय म्हनाला व्हतात? किती खंडी?"

कोंडाजीने वर पाहिलं. आठ वर्षांत तिने त्या दिवसाचं नाव काढलं नव्हतं. "साडेसात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती मैनाला घेऊन महाडला गेली. मैना चौदा वर्षांची झाली होती आणि तिला फळा वाचता येत होता. बँकेत शिरल्या तेव्हा दिघे स्टुलावर उभे राहून जुना आकडा फडक्याने पुसत होते.

"आये, सहा लिवत्यात," मैना म्हणाली.

दिघे खाली उतरले. हाताला खडू लागला होता. "या बाई. बरोबर दिवशी आलात. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबरात पाच केला होता, आता एकदम सहा. मी नोकरीला लागल्यापासून एवढा दर पाहिला नाही. तुमची ठेव साडेचाराला अडकलीय. ती मोडा, थोडं व्याज कमी मिळेल, पण नव्यानं सहाला ठेवलीत की सगळं भरून निघेल."

"आज मोडली तर किती व्हतील?"

दिघ्यांनी कागदावर गुणाकार केला. "तीन हजार नऊशे पन्नास. वर काही नवे पैसे."

"त्याचा तांदूल किती येल?"

"तांदूळ?"

"छत्तीस रुपये मनानं."

दिघ्यांना वाटलं बाई थट्टा करतेय. पण ती थट्टा करणाऱ्यातली नव्हती. त्यांनी भागाकार केला. "एकशे नऊ मण. पुरते एकशे दहाही नाहीत."

"खंडी किती?"

"साडेपाचाला थोडी कमी."

"आन मी ठेवली तवा साडेसात व्हती," बनुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुमी म्हनालात वाढंल."

"वाढलीच की. तीन हजारांचे..." दिघ्यांची नजर भागाकारावर गेली.

काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. आतल्या खोलीत मॅनेजर फोनवर बोलत होते. बनुबाईने फळ्याकडे बोट केलं.

"भाऊ, ह्यो आकडा वर कवा जातो?"

"रिझर्व्ह बँक चढवते तेव्हा."

"आन ती कवा चढवते?"

"भाव चढायला लागले की."

"म्हंजे भाव आदी चढतात."

"हो."

"आन आकडा मागनं."

दिघ्यांनी खडू काउंटरवर ठेवला. "हो," ते म्हणाले. "मागून." मग शाळेत मास्तरांपुढे उभं राहिल्यासारखं ते बोलू लागले. "ती चढवते ते भाव आवरायला. चढवला नसता तर भाव याहूनही वर गेले असते असं म्हणतात. खरंही असेल. पण ते देशाचं झालं. तुमच्या पावतीचं..." त्यांनी तोच कागद पुढे ओढला आणि एका बाजूला सहा लिहिलं. मग दुसऱ्या बाजूला काय लिहावं याचा विचार करून वीस लिहिलं. "गेल्या वर्षात इथल्या बाजारात तांदूळ शेकडा वीसनं तरी चढला असेल. आम्ही देतो सहा. हे दोन आकडे मी कधी शेजारी मांडले नव्हते, बाई. सहाचा आकडा मी माझ्या हातानं लिहिला, आणि विसाचा रोज तांदळाच्या पिशवीतून घरी नेत होतो."

"तुमी खोटं नाय बोललात," बनुबाई म्हणाली. "आकडा वाढल म्हनालात, वाढला."

त्या बोलण्यात राग असता तर दिघ्यांना बरं वाटलं असतं. त्यांनी आतल्या खोलीकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"कारकून म्हणून मी सांगेन की सहाला ठेवा. पण जमीन मिळत असेल तर घ्या. माझ्या वडिलांचे अठराशे ह्याच बँकेत आहेत, बहिणीच्या लग्नाचे. आज घरी गेल्यावर त्यांना काय सांगू ते मला कळत नाही."

ठेव मोडली. मॅनेजर बाहेर आले आणि एवढी जुनी ठेव हातची जाऊ दिली म्हणून दिघ्यांना चार शब्द बोलले. दिघ्यांनी ऐकून घेतले. नोटा दोनदा मोजून त्यांनी मैनाच्या हाती दिल्या, कारण बनुबाई फळ्याकडे बघत उभी होती.

रावजीचं खाचर अजून होतं. सत्तावन्नला गिऱ्हाईक फिरलं म्हणून त्याने ते ठेवून दिलं होतं, आणि आता मुंबईत थोरल्याला खोली घ्यायची म्हणून पुन्हा विकायला काढलं होतं. तो ओटीवर खोकत बसला होता. "गुंठ्याला दोनशे वीस," तो म्हणाला. "तवा घेतलं आसतंस तर नव्वदानं दिलं आसतं. आता मलाबी मुंबईत खोलीचं लोक तिप्पट सांगतात. मी काय करू?"

त्यातही काही खोटं नव्हतं. खरेदीखताचा खर्च वजा करून बनुबाईच्या वाट्याला सतरा गुंठे आले. उरलेले तेरा शेजारच्या गोमाजीने घेतले. मोजणीवाल्याने साखळी टाकली आणि खाचराच्या मधोमध दगड पुरले. सलग तीस गुंठ्यांच्या शेतात आता नवा बांध घालायचा होता.

वैशाखात ते काम निघालं. जमीन तापून दगडासारखी झाली होती. बनुबाई खणायची, मैना पाटीने माती आणून टाकायची, मग दोघी मिळून ती चोपायच्या. तिसऱ्या दिवशी कोंडाजी न बोलावता फावडं घेऊन आला आणि दुसऱ्या टोकाने सुरू झाला. उन्हं कलल्यावर ते एकमेकांपासून चार हातांवर आले तेव्हा त्याने फावडं टेकलं.

"वयनी, एक सांगायचं व्हतं. आदीच सांगायला पायजे व्हतं."

"काय?"

"दादाची नदर व्हती ह्या खाचरावर. शेवटल्या गनपतीला आलता ना, तवा हितं बांधावर बसून मला म्हनला, रावजी इकायला लागला की मला कलव. आजून दोन वर्सं काढतो आन येतो कायमचा. म्हनला, पोरगी मला बगून चुलीमागं पलते. पावना आल्यासारकी. आसं नको वाटतं म्हनला."

बनुबाईच्या हातात चोपणं होतं. ते तिने एकदा मातीवर आपटलं, मग पुन्हा आपटलं.

"मला नाय बोलला."

"पैसं साटलं नव्हतं. साटलं की वयनीला सांगन म्हनला."

"आन तुमी? पैसं आलं तवा का नाय सांगितलंत?"

कोंडाजीने टोपी काढून कपाळ पुसलं. "भाऊ मेला, आन मी जमिनीपायी त्याचं नाव घेतो, आसं झालं आसतं. लोकांना वाटलं आसतं. तुलाबी वाटलं आसतं."

बनुबाईने विचार केला. खरं होतं. तिला तसंच वाटलं असतं. त्या श्रावणात कोंडाजीने हे सांगितलं असतं, तर तिने ते ऐकून पैसे आणखी घट्ट धरले असते. दिघे खोटे नव्हते, रावजी खोटा नव्हता, कोंडाजीही नव्हता. दूर मुंबईत बसून दर चढवणारेही बहुधा कोणाचं वाईट करायला बसले नव्हते. आणि तरी तेरा गुंठे पलीकडे गेले होते.

तिने रिकामी पाटी उचलली, खड्ड्याकडे गेली, माती भरली, आणून टाकली. पुन्हा गेली, पुन्हा आणली. मैना पाण्याची कळशी घेऊन उभी होती आणि काकाकडे बघत होती.

"काका, मी खरंच चुलीमागं पलायचे?" तिने विचारलं.

"पलायचीस गो. दादा खाऊची पुडी उंबऱ्यावर ठेवून बाजूला व्हायचा, मंग तू यायचीस."

बनुबाईने पाटी खाली ठेवली. हे तिला आठवत होतं. उंबऱ्यावरची पुडी तिने पाहिली होती, पण तो बाजूला का होतो हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. अर्ध्या झालेल्या बांधावर ती बसली. माती अजून ऊन होती. डोळ्यांना पाणी आलं नाही.

"भावजी," ती म्हणाली, "परत सांगा."

"काय?"

"तो हितं बसून काय म्हनला त्ये. पयल्यापासनं."

कोंडाजी तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने पुन्हा सुरुवात केली. कोणती तिथी होती, सोनबाने कोणती टोपी घातली होती, बोलताना तो हाताने गवत कसं उपटत होता. मैनाही येऊन आईच्या शेजारी टेकली. पलीकडून गोमाजीने हाक मारून बांध आज पुरा होणार का म्हणून विचारलं. कोंडाजीने हाताने त्याला थांबायची खूण केली आणि पुढे सांगत राहिला.